गुप्तधन आणि पुरावा

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या धातू शोधण्याचे यंत्र घेऊन शेगावला आला. म्हणाला, "चाचा, आपल्या शेताला चार पिढ्या झाल्या. खाली काय आहे, बघू तरी!" पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, रान मोकळे होते. तासाभरात निघाले ते असे: दोन खिळे, बैलाची नाल, वखराच्या पासेचा तुकडा आणि एक काळपट तांब्याचे नाणे. माती पुसली, तर 'छत्र' एवढी अक्षरे दिसली. शिवराई! शिवकाळात सुरू झालेली ही नाणी पेशवाईत आणि त्यानंतरही बाजारात चालत. कुणा शेतकऱ्याच्या कनवटीतून पडले असेल.

पुतण्या कुदळ घेऊन आला. मी त्याला थांबवले.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाई. विहीर खोदताना नाण्यांनी भरलेले मडके निघाले. सरकारला कळले तर शेत जाईल, या भीतीने ते कासाराकडे मोडीत गेले. त्या नाण्यांवर कोणते चित्र होते, कोणती अक्षरे होती, हे आज कुणीही सांगू शकत नाही. मोडीचे पैसे तर कधीच संपले.

याउलट आपल्याच वऱ्हाडातले उदाहरण पाहा. 1939 साली, आता वाशिम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. धातू पोटीन, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांचे मिश्रण. सोनार त्याला हातही लावणार नाही. पण वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे इतिहासाला मिळाले. ती नाणी वितळली असती, तर ते राजेही वितळले असते.

वस्तू वाचली म्हणजे सारे वाचले, असेही नाही. दायमाबादला 1974 साली झाडाचे खोड खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाला. अप्रतिम शिल्पे! पण ती शास्त्रीय उत्खननातल्या थरातून निघाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद राहिला. यंत्राला धातू कळतो, थर कळत नाही. कुदळीने तो एकदा विस्कटला, की पुन्हा लावता येत नाही.

आणि ती भीती? 1878 च्या निखात निधी कायद्यात शेत काढून घेण्याची तरतूद नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे दडवलेले धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवायचे. मालक निघाला नाही आणि दुसरा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारने ते घेतले, तर किमतीवर आणखी एक पंचमांश द्यायचा. लपवले, तर मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होते. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवान्यावाचून खणताच येत नाही.

आम्ही खड्डे बुजवले. मग मी पुतण्याला कागद-पेन्सिल दिली. बांधापासून किती पावले, किती वीत खोल, माती काळी की मुरमाड, हे त्याने लिहिले. कागदात नाणे गुंडाळताना म्हणाला, "चाचा, विहिरीतल्या मडक्याचा असा कागद असता तर?"

मी काही बोललो नाही. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)