गोदामातलं तारण, देवळातलं तारण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या धानपट्ट्यात 'तारण' म्हटलं की आधी कर्जच आठवतं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामातल्या धानावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. फेडली की माल सुटतो. मराठी ख्रिस्ती याच शब्दाने पापातून होणारी सुटका सांगतात. मूळ एकच, संस्कृत 'तॄ', म्हणजे पार जाणे. एक तारण सावकाराची रक्कम पार नेतं, दुसरं माणसाला. फरक एवढाच, की पाप्याकडे गहाण ठेवायला काही नसतं. म्हणून शुभवर्तमानातला येशू आपलाच प्राण 'खंडणी' म्हणून देतो. (हा शब्द गुन्हेवार्तांनी पार नासवला.) ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला नाव दिलं ते 'मुक्ती', तेही सुटकेचंच. जगाच्या शेवटच्या दिवसाला मात्र मराठी ख्रिस्त्यांनी 'प्रलय' न म्हणता 'न्यायाचा दिवस' म्हटलं, हे नेमकं झालं. प्रलयात कुणाचा हिशेब होत नाही.