जुन्या संगणकावर विंडोजसोबत लिनक्स

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. टीपीएम २.० नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. असा संगणक भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स घालून पाहावे, असे आम्ही सुचवतो.

मात्र विंडोज लगेच काढू नये. अनेक घरांत आणि मंडळांत जुन्या स्मरणिका, सभासद-याद्या, वंशावळी श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलेल्या आहेत. त्यांचे फाँट नसतील तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. हा मजकूर युनिकोडमध्ये आणेपर्यंत दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी असणे सोयीचे.

तयारी

१. सर्व फोटो आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्यातील चार-दोन उघडून पाहा.
२. बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी-की कागदावर लिहून ठेवा.
३. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिले तर लिनक्समधून विंडोजच्या फाइली वाचता येतात, पण त्यांत बदल करताना अडचण येते.
४. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागते. १०० जीबी असल्यास उत्तम.

स्थापना

मिंटची आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि रूफस वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते. त्यावरून संगणक सुरू करून वायफाय, आवाज आणि प्रिंटर आधी तपासा. काहीही न बसवता हे करता येते.

स्थापनेच्या वेळी 'विंडोजच्या सोबत' हा पर्याय निवडा. 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय चुकून निवडला, तर घरातले सगळे फोटो जातील. इथे घाई नको.

नंतर

संगणक सुरू होताना ग्रब नावाची यादी येते. त्यातून हवी ती प्रणाली निवडावी. विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास घाबरू नका. दोन्ही प्रणाली संगणकातील वेळ वेगवेगळ्या पद्धतीने वाचतात, म्हणून असे होते. मराठीसाठी लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतो.

इंटरनेट, बँक आणि नवे लेखन लिनक्सवर करा. विंडोज १० शक्यतो इंटरनेटविना, जुन्या फाइलींपुरतेच ठेवा.