टॉड्री : एका विशेषणाचा प्रवास

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना ‘टॉड्री’ हे विशेषण आडवं आलं. कथेतली मोलकरीण जत्रेत घेतलेली माळ घालून कामाला येते आणि मालकीण मनातल्या मनात त्या माळेला हा शब्द लावते. मी ‘भडक’ असं लिहून पुढे गेले. कथा छापून आली, पण तो शब्द मला टोचत राहिला. ‘भडक’मध्ये रंग आला, वस्तूचा स्वस्तपणा आणि बघणारीची तुच्छता मात्र निसटली. ही तुच्छता आली कुठून?

शब्दाच्या मुळाशी एक संतस्त्री आहे. नॉर्थम्ब्रियाची राणी एथेलड्रेडा हिने राजवैभव सोडून ६७३च्या सुमारास इंग्लंडमधल्या ईली इथे मठ स्थापला. ६७९मध्ये जबड्याखाली गाठ होऊन ती वारली. इतिहासकार बीड सांगतो की, तरुणपणी गळ्यात मिरवलेल्या हारांचं हे फळ आहे, असं ती स्वतःच म्हणे.

लोकांच्या तोंडी एथेलड्रेडाची ‘ऑड्री’ झाली. तिच्या नावाने ईलीत जत्रा भरे आणि गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. ‘सेंट ऑड्री’ भराभर म्हणताना ‘सेंट’मधला ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला आणि त्या फितीला ‘टॉड्री लेस’ म्हणू लागले. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधली मॉप्सा ही मेंढपाळ मुलगी कबूल केलेली अशी फीत हट्टाने मागते. तिला ती हवीहवीशीच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र ‘टॉड्री’ म्हणजे स्वस्त आणि भपकेबाज, हा अर्थ रूढ झालेला दिसतो. हार घातल्याचा पश्चात्ताप करणाऱ्या बाईचं नाव शेवटी गरिबाच्या दागिन्याला हिणवण्यासाठी उरलं.

हे कळल्यावर मला ‘बेगडी’ आठवला. बेगड म्हणजे मखर सजवायचा चकचकीत पातळ पत्रा. देवापुढे तो शोभतो. माणसाला किंवा त्याच्या वस्तूला ‘बेगडी’ म्हटलं की शिवी होते. त्यात खोटेपणाचा आरोपही येतो, जो ‘टॉड्री’त तितकासा नाही. तरी पुढच्या आवृत्तीत मी तोच शब्द घातला. मोलकरणीची माळ खोटी नव्हती, पण मालकिणीला ती तशीच दिसली असती.