ओमान : स्थलदर्शन व निसर्गभ्रमण

अरबी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकावरील या सल्तनतीत मस्कत बंदरावरील जलाली व मिरानी हे पोर्तुगीजकालीन किल्ले प्रथम पाहण्याचा प्रघात असला, तरी देशाचे खरे स्वरूप आतील हजर पर्वतराजीत, निझवाच्या आसमंतात प्रकट होते. तेथील विशाल वर्तुळाकार बुरुजाचा किल्ला सतराव्या शतकातील असून, खजुरीच्या बागा भिजविणारा फलज दारिस हा प्राचीन कालवा २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. केवळ उताराच्या बळावर वाहणाऱ्या अशा कालव्यांच्या पाण्याची वाटणी हिश्शेवारीने, दिवसा सावलीच्या मापाने व रात्री नक्षत्रांच्या उदयास्तावरून होत आली. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवरील सामाईक सिंचनाची फडपद्धत आणि पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने नेमून दिलेली पाळी ज्याने पाहिली आहे, अशा खानदेशी प्रवाशाने येथे अर्धा दिवस तरी अवश्य थांबावे.

सुमारे ३,००० मीटर उंचीच्या जबल शम्सवरील, खोल दरीच्या कडेने ओसाड गावाकडे जाणारी पायवाट नोव्हेंबर ते मार्च या काळात सुखावह असते. पावसाचा रंग दिसताच मात्र कोरड्या नदीपात्रांतून त्वरित बाहेर पडावे, कारण लोंढा अकस्मात येतो.

दक्षिणेकडील सलाला येथे जून ते सप्टेंबरमध्ये मोसमी धुके उतरून डोंगर हिरवेगार होतात. नारळी-केळींच्या बागांलगतच्या दुकानांत टांगलेले केळीचे घड पाहून खानदेशातील केळी पिकविणाऱ्या असोदा-भादलीकडच्या माणसास वाळवंटाचा विसर पडतो.