पिशवीचे दुखणे आणि ‘तो’ आजार : शिरूर-दौंडकडून पाहिलेला एक इतिहास

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके वाटांचे तालुके आहेत. शिरूर, म्हणजेच जुने घोडनदी, पुणे-अहिल्यानगर मार्गावर वसले आहे. दौंड हे भीमाकाठचे रेल्वे जंक्शन असून सोलापूरकडे व मनमाडकडे जाणारे लोहमार्ग तेथे फुटतात. पाटस-कुरकुंभवरून सोलापूरचा हमरस्ता जातो. रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि साखर कारखाने यांमुळे परगावच्या माणसांची येथे सतत ये-जा असते. एच. आय. व्ही.च्या प्रसाराचा इतिहास लिहिणारे अशा वाटांचा उल्लेख आवर्जून करतात. तथापि, वाटेवरच्या पुरुषाचा उल्लेख झाला म्हणजे घरी राहिलेल्या स्त्रीचा इतिहास लिहिला गेला, असे होत नाही. ह्या स्त्रीला दुसरा एक रोग गाठू शकतो, आणि तो पहिल्याशी जोडलेला आहे, हे वैद्यकाच्या ध्यानी येण्यास बराच काळ लागला. तो काळ का लागला, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे का शिरावे, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, दोन्ही रोगांची बोलीतील नावे पाहिली म्हणजे विलंबाचे एक कारण हाती लागते. ‘गर्भाशयमुख’ हा ग्रंथांतला शब्द. घरात बोलली जाते ती ‘पिशवी’. तिचे दुखणे ‘अंगावरून पांढरे जाणे’ किंवा ‘धुपणी’ ह्या शब्दांत सांगितले जाते, आणि तेही बहुधा बाईने बाईला. दुसऱ्या रोगाला तर नावही नाही. तो नुसता ‘तो आजार’. पहिल्या शब्दात रोग नित्याचा होऊन जातो, दुसऱ्यात तो अनुच्चारणीय होतो. दोहोंचा परिणाम एकच : तपासणी लांबते.

भारतात एच. आय. व्ही. प्रथम आढळला तो १९८६ साली, चेन्नईत. १९९२ साली पुण्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली (पुढे तिचे नामांतर झाले). तिच्या संशोधकांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या. त्यांतील १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. ‘जोखमीचे गट’ ह्या त्या काळच्या शब्दप्रयोगात ही स्त्री कोठेच बसत नव्हती. माझ्या मते पुण्यातील एड्स-संशोधनाचे हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे.

कर्करोगाचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने चालला होता. १९८३ साली हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एच. पी. व्ही.चा सोळावा प्रकार दाखवून दिला. महाराष्ट्रात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर जी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला : एच. पी. व्ही.च्या एकाच तपासणीने आठ वर्षांत ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या गटास तपासणी न देता केवळ माहिती दिली गेली, त्या गटातील ६४ मृत्यूंच्या समोर तपासलेल्या गटातील ३४ मृत्यू वाचताना अभ्यासकाचे मन थोडे अडखळते. त्यावर पुढे वादही झाला.

ह्या दोन वाटा एकत्र का आल्या नाहीत? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९३ सालीच पसरलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग हे एड्सचे एक लक्षण मानले होते. तेव्हा ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. खरे कारण काळाचे आहे. निरोगी शरीर एच. पी. व्ही.स बहुधा दोनेक वर्षांत हुसकावून लावते. प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे तो विषाणू ठाण मांडून बसतो; तरीही त्यापासून कर्करोग होण्यास वर्षे लागतात. १ एप्रिल २००४ पूर्वी, म्हणजे शासनाने विषाणुरोधक औषधे विनामूल्य देण्यास आरंभ करण्यापूर्वी, ह्या स्त्रियांपैकी पुष्कळशा तेवढी वर्षे जगतच नव्हत्या. औषधाने आयुष्य दिले, आणि त्या आयुष्यासोबत ह्या मंदगती रोगालाही अवसर मिळाला. औषधाने धोका घटतो, पण जात नाही, एच. आय. व्ही. असलेल्या स्त्रीस तो इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो.

दोन्ही वाटा पुण्यात स्पष्टपणे मिळाल्या त्या ‘प्रयास’ संस्था आणि ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात. अकराशेंहून अधिक एच. आय. व्ही.बाधित स्त्रियांची तपासणी त्यात चार पद्धतींनी करण्यात आली. गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल व नंतर आयोडीन लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, ही तुटपुंज्या साधनांतही शक्य होणारी रीत त्यांनी ग्राह्य ठरविली. शिरूर वा दौंडच्या शासकीय रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिकेस करता येईल अशी ही रीत आहे.

करता येणे आणि होणे यांत मात्र अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ह्या स्त्रियांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करावी असे सांगितले. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सर्वसाधारण तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्यांचे प्रमाण केवळ १.९ टक्के होते. शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले, आणि तेथे २००२ पासून लोकसंख्येची सातत्याने नोंद होत आहे. नोंद ठेवणे ह्या भागास अपरिचित नाही.

राहता राहिली ‘पिशवी’. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला; कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या होत्या. अशा टोळ्या पुणे जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातही दर हंगामास येतात. ‘पिशवी काढली’ म्हणणारी स्त्री स्वतःस ह्या रोगातून सुटलेली समजते. परंतु शस्त्रक्रियेपूर्वीच तेथे विकृती असल्यास योनिमार्गात ती पुन्हा उद्भवू शकते, आणि एच. आय. व्ही. असल्यास हा धोका अधिक. ह्या भागात मौखिक इतिहास गोळा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून ‘पिशवी काढली’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. ती कधी काढली, कोणत्या कारणास्तव काढली, आणि तोवर ‘त्या’ आजाराची तपासणी झाली होती काय, हे तीन प्रश्न बाईच्याच शब्दांत, एकांतात आणि तिच्या संमतीने विचारावेत.