परधानाची किकरी आणि मागतकऱ्याचा शिक्का

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या लोककलांवर लिहिताना परधान वादकाचं वर्णन बहुधा ठरलेलं असतं. खांद्याला किकरी हे तंतुवाद्य, गोंडांच्या दारोदार फिरणं, देवांची गाणी म्हणणं आणि धान्य, कपडालत्ता घेऊन पुढच्या गावची वाट धरणं. एवढ्यावरून त्याला मागतकऱ्यांच्या यादीत बसवलं जातं. वाद्य हे मागण्याचं साधन आणि गाणं हे मागण्याचं निमित्त, असं हे मत आहे. ते मला साफ अमान्य आहे.

या मताला बळ देणारा ग्रंथ म्हणजे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेलं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचं वर्णन. त्यात परधान म्हणजे गोंडांची कनिष्ठ शाखा, त्यांचे पुजारी आणि भाट, अशी नोंद आहे. १९११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांची संख्या एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. पण याच नोंदीत एक कथाही आहे. सात गोंड भाऊ बडादेवाची, म्हणजे गोंडांच्या थोर देवाची, आराधना करत होते, देव काही प्रकट होईना. तेव्हा धाकट्याने एका तारेचं वाद्य केलं आणि वाजवलं. त्या सुरांवर देव प्रसन्न होऊन खाली उतरला. परधान हे त्या धाकट्याचे वंशज. ही कथा आणि 'कनिष्ठ शाखा' हा शेरा एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. वाचणाऱ्यांनी शेरा उचलला आणि कथा करमणुकीची म्हणून सोडून दिली.

कथा खरोखर घडली का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ती एक हक्क सांगते. वाद्य नसतं तर देव आलाच नसता. मग वडिलोपार्जित मिळकतीत धाकट्याचा वाटा उरतोच. शामराव हिवाळे या मराठी माणसाने वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांमध्ये राहून १९४६ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात हा व्यवहार तपशिलाने येतो. परधान मनाला येईल त्या दारी जात नाही. ठरलेल्या गोंड यजमानांकडे ठरावीक वर्षांच्या अंतराने तो जातो. यजमान हा ठाकूर आणि परधान त्याचा दसोंधी, म्हणजे भाट. त्या नर्मदा खोऱ्यातलं मंडला काही वर्धा नव्हे, हे मान्य. पण हे नातं मंडल्यापुरतं नाही. दक्षिणेला आदिलाबादेत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनाही १९४० च्या दशकात कुळाला बांधलेला परधानच आढळला. वर्धा या दोन टोकांच्या मधे येतं.

यावर विरोधी बाजूचा खरा मुद्दा असा की गोंड परधानाला खालचा मानत आले, त्याच्या हातचं खात नसत आणि मयताचे कपडे, दागिने त्याला दिले जात. मग त्याला मान होता असं कशाच्या जोरावर म्हणायचं? हे सगळं खरं आहे आणि त्यातला अपमानही खरा आहे. पण यातून मागतकरीपण सिद्ध होत नाही. आपल्याकडे गावगाड्यात कुंभाराला बलुतं मिळे. त्याला कोणी भीक म्हटलं नाही. सामाजिक पायरी खालची असणं आणि कामाचा हक्क असणं या दोन गोष्टी एकत्र नांदतात.

पश्चिम आफ्रिकेतला जेली हा याचा ठसठशीत दाखला आहे. मालीच्या मांडे समाजात हे वंशपरंपरागत गायक-वादक न्यामाकाला या वर्गात मोडतात आणि या वर्गाचे विवाहसंबंध सरदार घराण्यांपासून वेगळे राहत आले. तरी तेराव्या शतकातल्या सुंजाता केइताचा पराक्रम त्यांच्याच तोंडून टिकला आणि राजाशेजारी बाल्ला फासेके हा जेली असल्याशिवाय ती गाथा सांगितलीच जात नाही. त्या परंपरेतला तुमानी दियाबाते १९६५ मध्ये बामाको इथे जन्मला. वडील सिदिकी हे नामांकित कोरावादक. भोपळ्याच्या अर्ध्या कवचाच्या त्या वाद्याला २१ तारा. तुमानीने १९८८ मध्ये एकट्या कोऱ्याची 'काइरा' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढे गिटारवादक अली फार्का तुरे यांच्याबरोबरच्या वादनाला ग्रॅमी मिळाली. २०२४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला कोणी यजमानांच्या दारी फिरणाऱ्यांचा वंशज म्हणून हिणवलं नाही. त्याच्या पूर्वजांनी घेतलेला मोबदला हा मोबदलाच मानला गेला. परधानाच्या बाबतीत ही समज आपण का दाखवली नाही, याचं मला दुःख होतं.

परधानाचं काम पाहिलं की मागतकरीपणाचा आरोप आणखीच पोकळ ठरतो. गोंडांमध्ये चार, पाच, सहा आणि सात देवांचे गट असतात आणि एकाच गटात लग्न होत नाही. कोणतं कूळ कोणत्या गटातलं, त्याचा देव कुठून आला, हे ज्या गाथांत साठवलेलं आहे त्या परधानाने तोंडपाठ करायच्या. आदिलाबादेत पेर्सा पेन या कुळाच्या देवाच्या उत्सवात त्याच्या गायनाशिवाय विधी पुरा होत नाही आणि मयताला कुळाच्या देवापर्यंत पोचवणारं गाणंही त्याचंच. मयताची वस्त्रं त्याला का मिळतात, ते यावरून कळावं. नर्मदेकडे बाना म्हणतात त्या वाद्यात प्रत्यक्ष बडादेवाचा वास मानतात.

मग ही परंपरा वर्ध्यात विरळ का झाली? सिनेमा आला, आवड बदलली, हे सोपं उत्तर आहे. मला ते अपुरं वाटतं. देवगड आणि चांद्याची गोंड राज्यं अठराव्या शतकात भोसल्यांकडे गेली, पुढे इंग्रजी अमलात मालगुजारीने जमिनी बिगरगोंड हातांत गेल्या. यजमानाकडेच काही उरलं नाही, तर धाकट्याला वाटा कुठून मिळणार? त्यात कायद्याचीही भर पडली. विदर्भात फक्त मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ या तालुक्यांतलेच गोंड आणि परधान अनुसूचित जमातीत धरले जात. वर्धा त्यात नव्हतं. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या कायद्याने उठली आणि १९७७ मध्ये तो अमलात आला. त्याआधी वर्ध्यातल्या परधान घरातल्या मुलाला कागदावर आपण अनुसूचित जमातीतले आहोत असंही सांगता येत नव्हतं. वडिलांची किकरी हातात घ्यायला त्याला कोणी कशाला उत्तेजन देणार?

हैमेनडॉर्फ यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते. आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी, पण ते गाथा गातात गोंडीत. पोटासाठी मागायचं असतं तर जी भाषा तोंडात आहे तीच पुरली असती. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने दुसऱ्या भाषेतल्या लांबलचक गाथा पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेवल्या, कारण त्या देवाच्या कुळाच्या भाषेतल्या होत्या आणि बदलल्या तर विधी मोडला असता. म्हणून वर्ध्यात, आर्वी-कारंज्याकडे किंवा समुद्रपूर-हिंगणघाटच्या गावांत कोणी किकरीवाल्या परधानाचं ध्वनिमुद्रण करत असेल, तर फितीवर 'लोकगीत, गायक अज्ञात' असं लिहू नये. गायकाच्या संमतीने त्याचं नाव, ज्यांच्यासाठी तो गातो त्या यजमान कुळाचं नाव, त्या कुळाच्या देवांची संख्या आणि गाथा कोणत्या विधीची, एवढं त्याच्यासमोरच लिहून घ्यावं.