चारास तीन

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला प्रमाण म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: भागीदारीतला नफा आणि गवळ्याच्या दुधातलं पाणी. अ, ब आणि क यांच्या भांडवलाचं प्रमाण काढण्यात ज्यांचं तारुण्य गेलं, त्या आम्हाला पडद्यालाही प्रमाण असतं आणि ते बिघडलं तर भल्या माणसाची ओळख पटेनाशी होते, हे कुठल्याही प्राध्यापकाने शिकवलं नाही. ते बँकेच्या संगणकाने शिकवलं.

जुन्या संगणकाचा पडदा आठवतो ना? पाठीवर भलंमोठं कुबड असलेला? त्याची रुंदी चार, तर उंची तीन. एवढं काटेकोर माप म्हणजे कुठल्या तरी समितीने चहा-बिस्किटं संपवून ठरवलं असणार, असा आपला समज. तसं काही नाही. १८९२ च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा मदतनीस हलत्या चित्रांची खटपट करीत होता. त्याने ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध उभी चिरली. ३५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या झाल्या. कडेला भोकं पाडली आणि चार भोकांच्या उंचीएवढं एक चित्र ठरवून टाकलं. रुंदी एक इंच, उंची पाऊण इंच. शिंप्याने उरल्या कापडात झबलं बसवावं, तसा हा मामला. पण ते झबलं साऱ्या जगाने अंगात घातलं. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'ही त्याच मापाचा.

बोलपट आले तेव्हा आवाजाच्या पट्टीने चित्राची थोडी जागा बळकावली. तो तंटा १९३२ साली हॉलिवुडच्या अकादमीने १.३७ वर तडजोड करून मिटवला. टेलिव्हिजनने मात्र ४ : ३ च धरलं. एक तर सिनेमाच्या पंगतीला बसायचं होतं, आणि दुसरं म्हणजे त्या काळची काचेची नळी मुळात गोल. गोलात चौकोन बसवायचा तर तो चौरसाच्या जवळपासचाच बरा. फार लांबट केलात तर महागाची काच फुकट जाते. संगणकाला टेलिव्हिजनचीच नळी मिळाली, आणि नळीबरोबर हे गोत्रही मिळालं.

इकडे घरोघरी टेलिव्हिजन आल्यावर अमेरिकेतली थिएटरं ओस पडू लागली. घरच्या खोक्यात मावणार नाही एवढं रुंद काहीतरी दाखवायला हवं, म्हणून १९५३ साली 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये आला. आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तने 'कागज के फूल' तसा काढला. दिसायला अप्रतिम, गल्ल्यावर पडेल!

मग १९८० नंतरच्या दशकात नव्या टेलिव्हिजनचं माप ठरवायची वेळ आली. कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने प्रचलित मापांचे सारख्याच क्षेत्रफळाचे चौकोन काढून एकावर एक ठेवले, आणि सगळ्यांना पोटात घेणारी चौकट शोधली. ती निघाली साधारण १६ : ९. इथे माझ्यातला कारकून जागा होतो. मुद्दल एक रुपया, दर दसादशे सवातेहतीसच्या थोडा वर (नेमकं म्हणजे तृतीयांश), व्याज चक्रवाढ. पहिल्या वर्षअखेर १.३३: जुना टीव्ही. दुसऱ्या वर्षअखेर १.७८: नवा टीव्ही. तिसऱ्या वर्षअखेर २.३७: जवळजवळ सिनेमास्कोप! जो दोनचार पैशांचा फरक राहतो तो आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो.

संगणकाचे पडदेही २०१० च्या आसपास या रुंद घराण्यात सर्रास दत्तक गेले. त्यात एक गंमत. उभ्या ७६८ ओळी तशाच ठेवून १६ : ९ ने रुंदी काढली, ती आली १३६५.३३. ठिपक्याचा तृतीयांश कसा पाडणार? वर ओढून १३६६ केले. पण जुन्या पुष्कळ ग्राफिक कार्डांना आठाने भाग जाईल तीच रुंदी पचे. १३६६ ला आठाने भाग जात नाही. मग ती बापडी १३६० वर थांबत.

खरी पंचाईत जुना संगणक नव्या पडद्याला जोडला की होते. आयबीएमने १९८७ साली आणलेली ती व्हीजीएची केबल रंग पोचवते, ओळ कधी संपली आणि चौकट कधी संपली ते सांगते; पण ओळीत ठिपके किती, हे सांगतच नाही. जुन्या नळीला त्याची फिकीर नव्हती. नव्या पडद्याचे ठिपके मात्र मोजून जडवलेले. त्याला अंदाज करावा लागतो. गिऱ्हाइकाने काउंटरवर येऊन नुसतं "ते काढायचंय" म्हणावं आणि पैसे, पासबुक की राग, हे आपण ओळखावं, तशी गत. त्यातून जुने खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांचे. ते ४ : ३ च्या नळीवर दिसायचे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा वीस टक्के उंच. नव्या पडद्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला तो सडसडीत राजपुत्र लग्नानंतर वर्षभराने दिसावा तसा दिसतो.

राजपुत्राचं एक वेळ ठीक आहे. आमच्या शाखेत सह्यांचे नमुने एका जुन्या संगणकात होते. त्याची नळी गेली आणि रुंद पडदा आला. त्याच आठवड्यात पेन्शनला एक निवृत्त शिक्षिका आल्या. सही बारीक, ताठ, प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखी. पडद्यावर तीच रांग हातपाय पसरून बसलेली.

"काकू, सही जुळत नाही," नवा अधिकारी म्हणाला.

"अहो, तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर हीच केली. एकाही बापाने शंका घेतली नाही."

पुन्हा करा, म्हणाला. त्यांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा करताना त्यांचा हात कापायला लागला, आणि मग ती कागदावरचीही जुळेना. फुगला होता पडदा, आणि "वय झालं हो, माफ करा" असं म्हणत होत्या काकू!

मी कपाटातून त्यांचं मूळ नमुन्याचं कार्ड काढलं आणि फूटपट्टी घेऊन कार्ड मोजलं, पडदा मोजला. उंचीच्या हिशेबात रुंदी बरोबर तृतीयांशाने जास्त. चक्रवाढीचा तोच दर! पडद्याच्या खालचं बटण दाबून 'पूर्ण' होतं तिथे '४ : ३' केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे रांग पुन्हा ताठ उभी राहिली.

काकूंनी चष्मा सावरून पाहिलं. "हं. ही माझी."

मॅनेजरसाहेब पट्ट्या बघून हळहळले. "नव्या मॉनिटरचा पाव हिस्सा वायाच की हो!" हिशेब बिनचूक होता, १६ : ९ मध्ये ४ : ३ बसवलं की नेमके पंचवीस टक्के रिकामे राहतात. आता डाव्या पट्टीवर सुट्ट्यांची यादी चिकटवलेली आहे आणि उजवीवर चहाची उधारी. त्यातही साहेबांच्या नावापुढे चारास तीन आहेत: चहा चार, पैसे तिनाचे.